मॅडमला फोन लावा

मथे,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. ओळखपत्रासाठी काढलेला तुझा फोटो मोठा करून आणला होता आणि हार घालून खुर्चीवर ठेवला होता. त्यात तुझी मान इतकी ताठ दिसते, जणू कुणी मागून धरून ठेवली आहे. एकामागून एक माणसं बोलायला उठली. मुख्याध्यापक बोलले, संस्थेचे लोक बोलले, परतूरच्या एका पुढाऱ्यानंही बोलून घेतलं. प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, निर्भय. मथुरा मॅडम निर्भय होत्या. मथुरा मॅडमनी आपल्या मुलींना निर्भय केलं. मी मागं सतरंजीवर बसले होते. मला आधी हसू आलं आणि मग असं रडू फुटलं की शेजारच्या बाईनं तिची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

तू आणि निर्भय! तुझ्याइतकी घाबरट बाई मी जन्मात पाहिली नाही. पालीला घाबरायचीस. शिक्षणाधिकारी येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून तुझं जेवण कमी व्हायचं. फलाटावर गाडी शिरायला लागली की तू मागं सरून माझी ओढणी धरायचीस. आणि सामना असला की तुझ्या तळहातांना असा घाम सुटायचा की तो पुसायला मैदानातली माती पुरत नव्हती. हे उठून सांगावं असं फार वाटलं. पण त्या सभेत ते कुणाला आवडलं नसतं, तुला कमीपणा आणला असं वाटलं असतं. म्हणून तुलाच लिहायला बसले. तुझ्याबद्दलचं खरं मला तुझ्यापाशीच बोलायची सवय आहे.

अंकुशनगरच्या कारखान्यामागचं आपलं मैदान आठवतं का? गाळप सुरू झालं की मळीचा तो आंबूस वास नाकात बसायचा, तो उन्हाळ्यापर्यंत जायचा नाही. माझे वडील कारखान्यात फिटर, आम्ही वसाहतीतल्या पक्क्या घरात. तुझ्या आबांनी मेंढरं विकून नुकतंच ऊस उतरवायचं काम धरलेलं, तुमचं घर पाटाच्या कडेला. शाळेत तुला कुणी वळून बघत नव्हतं. पण खो-खोच्या संघात तू आलीस आणि पहिल्याच दिवशी तुझा आवाज ऐकून सगळं मैदान थांबलं. काय खो होता तुझा! पाठीवर थाप आणि त्या थापेबरोबर तो आवाज. फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असायची, तिथला गाडीवान ओरडायचा, "ए पोरी, हळू! बैल बुजून राह्यले माझे!" तू लाजून जीभ चावायचीस आणि पुढचा खो त्याहून मोठ्यानं द्यायचीस.

त्या आवाजावर आपण जिल्हा जिंकला, विभाग जिंकला. आणि दहावीच्या वर्षी राज्याच्या फायनलला जाऊन पोचलो. आपल्या भागातून त्याआधी कुणी तिथवर गेलं नव्हतं. निघायच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर माणसं जमली होती. जो तो तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगत होता, नाव काढ पोरी. आपले खेळाचे सर म्हणाले, "मथुरे, सगळं तुझ्यावर हाय." तू हसत होतीस. तुझा हात मी धरला होता म्हणून मला माहीत आहे, तो गारठलेला होता.

त्या शेवटच्या पाळीबद्दल आपण इतक्यांदा बोललो आहोत की मी आता ती नव्यानं सांगू नये. तरी सांगते, कारण तुझ्या शाळेतल्या लोकांना ती माहीतच नव्हती. वेळ संपत आलेली. त्यांचा एक गडी बाद केला की आपण जिंकणार होतो. ती उंच पोरगी खांबाजवळून वळली आणि माझ्या समोर आली. तू माझ्या मागं होतीस. तुझा हात माझ्या पाठीवर पडला, मी उठले, झेप घेतली आणि तिच्या खांद्याला माझी बोटं लागली. लागली, मथे. अजून त्या बोटांना तो खांदा आठवतो. आपल्या पोरी नाचायला लागल्या. आणि शिट्टी वाजली. पंचांनी फाऊल दिला. थाप पडली होती पण तोंडातून खो आला नव्हता, आणि नुसत्या थापेचा खो होत नाही. मी टिपलेला गडी बाद धरला नाही. मग वेळ संपली.

मी वळून तुझ्याकडं पाहिलं. तुझं तोंड उघडंच होतं.

परत येताना जीपमध्ये सर तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं असं तू पुढं कितीतरी वेळा म्हणालीस. वसाहतीत तर तुझं नावच बदललं. ज्या पोरीच्या आवाजानं बैल बुजायचे, तिला लोक मुकी म्हणायला लागले. बायका नळावर म्हणायच्या, "जीभ गिळली म्हणं ऐनवेळी." एकट्या तुझ्या आबांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. ते म्हणाले, "घसा बसला आसंल पोरीचा. एवढं वरडून वरडून बसतोच." आणि तुला घेऊन अंबडच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, घसा ठणठणीत आहे. आबांना ते पटलं नाही. पुढं कितीतरी दिवस रोज संध्याकाळी ते स्वतः हळद घातलेलं गरम दूध तुझ्यापुढं धरायचे आणि तू निमूट प्यायचीस. मी म्हणाले, "अगं, सांग ना त्यांना घशात काही न्हाई म्हणून." तू म्हणालीस, "मंग कशात हाय म्हणून सांगू?"

मग एके दिवशी पाटावर कपडे धुताना तू आपण होऊन बोललीस. तोवर मी विचारलं नव्हतं.

"नंदे, मला सगळं दिसून राह्यलं होतं. तुझी वेणी दिसली, वेणीची रिबीन सुटत आल्ती ती बी दिसली. ती पोरगी कोणीकडं वळणार ते बी मला कळलं होतं. अन् मंग मला मीच दिसले."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खो देऊन राह्यले अन् सगळे माझ्याकडं पाहून राह्यले, असं. तोवर मी खेळत होते. तवा वाटलं, आता चुकलं तर? बस, एवढंच. त्याच्यापुढं घशातून काही आलंच न्हाई."

मला त्यातलं काही कळलं नाही. मी कपडा आपटत राहिले. मला खेळताना कधी मी दिसले नव्हते.

त्यानंतर तू खेळली नाहीस. मी खेळत राहिले, विद्यापीठापर्यंत गेले, मग लग्न होऊन जुन्या जालन्यात आले आणि कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत माझा संसार सुरू झाला. तू शारीरिक शिक्षणाचा कोर्स केलास आणि परतूरला शाळेत लागलीस. लग्नाचं नाव काढलं की तू विषय बदलायचीस, पुढं घरच्यांनी नाव काढणंच सोडलं.

आणि मग तो दिवस आठवतो. शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिराहून तू परस्पर माझ्याकडं आलीस. आमच्या गल्लीत रिक्षा अडकली म्हणून ती सोडून, माल उतरवणाऱ्या हमालांमधून वाट काढत, घामाघूम. दारातूनच ओरडलीस, "नंदे, माझं एकटीचं न्हाई ते! मोठमोठ्या खेळाडूंचं होतं!" मला वाटलं काय आजार निघाला. पाणी न पिता तू सांगत सुटलीस. शिबिरात कुणी बाई मनावर बोलायला आल्या होत्या. शरीराला जी गोष्ट सरावानं आपोआप येते, ती ऐनवेळी माणूस डोक्यानं करायला बघतो, चुकायच्या भीतीनं एकेक हालचाल तपासायला लागतो, आणि मग हातपाय आपलेच राहत नाहीत. कुणाचा नेम जातो, कुणाचे पाय जड होतात. "अन् कुणाचा आवाज जातो," तू म्हणालीस. "मी विचारलं त्यांना. त्या म्हणाल्या, जाऊ शकतो." त्या दिवशी तू माझ्याकडं पोटभर जेवलीस. इतक्या वर्षांत मी तुला मागून भाकरी घेताना पहिल्यांदा पाहिलं.

तिथून तुझं खरं काम सुरू झालं. परतूरच्या त्या मैदानावर तू काय काय केलंस! सरावाला सगळी शाळा कडेनं उभी करायचीस आणि पोरांना सांगायचीस, जेवढं चिडवता येईल तेवढं चिडवा. पत्र्याचे डबे बडवायला लावायचीस. मध्येच खेळ थांबवून म्हणायचीस, आता एक गडी, एवढीच वेळ, हरलो तर घरी. पोरी हरायच्या, रडायच्या, दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि प्रत्येक सामन्याआधी सगळ्यांना गोल बसवून तू विचारायचीस, "भीती कुठं बसली?" पोरींनी लपवायचं नाही, सांगायचं. कुणी म्हणायची पोटात, कुणी गुडघ्यात, कुणी जिभेवर. कुणालाच नसली तर तू ओरडायचीस, "खोटं बोलू नका, माझ्या तर आत्ता मानंत बसली!" मग सगळ्या हसायच्या, लांब श्वास सोडायच्या आणि मैदानात जायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा तुला बोलावून विचारलं की खेळाच्या तासाला पोरी गप्पा मारत का बसतात. तू घाबरून काहीच बोलली नाहीस. तास मात्र तसाच चालू ठेवलास.

माझी लेक ईश्वरी आठवीत तुझ्याकडं राहायला आली. तिला खेळायचं होतं आणि तुझ्याकडंच खेळायचं होतं. बाजार समितीच्या मागच्या तुझ्या घरात तुम्ही दोघी राहायचात, मी रविवारी रेल्वेनं डबा घेऊन यायचे. पोरगी चांगली खेळायची, पण प्रत्येक मोठ्या सामन्याआधी ओकायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या जिवाचं पाणी झालं. मी म्हणाले, बस झालं, घेऊन जाते हिला. तू तिच्या पाठीवरून हात फिरवत होतीस. म्हणालीस, "ओकू दे. तिचं शरीर तयारी करून राह्यलं. ओकून झालं की खेळंल." आणि ती खेळली.

तिच्या पप्पांना बोलायलाही तू एकदा आलीस. हे फोनवर पोरीला म्हणाले होते, फायनल मारूनच ये, नाहीतर घरी येऊ नको. गंमत केली होती. तू आमच्या दुकानात उभी राहून, गिऱ्हाइकांसमोर, खाली बघत म्हणालीस, "दाजी, तुम्ही गमतीनं बोलता. तिच्या पोटात गेल्यावर ती गंमत राहत न्हाई." आणि चहा न घेता निघून गेलीस. हे त्या दिवसापासून तिला फोनवर फक्त जेवलीस का विचारतात.

आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. परतूरच्या फलाटावर, गाडी यायला उशीर असला की हमखास. मी म्हणायचे, "भीती भीती करून तू पोरींच्या डोक्यात भीती घालून राह्यली. नाव काढलं की ती वाढती." तू म्हणायचीस, "दाबून ठेवली की वाढती. मी दाबली होती." मी म्हणायचे, "मला तर कधी वाटली न्हाई." आणि तू माझ्याकडं नुसती बघायचीस. एकदा म्हणालीस, "तुझं सोड. तू बैल हाय." आपण इतक्या हसलो की हातातला चहा सांडला. आज वाटतं, त्या भांडणात मी हरत चालले होते आणि मला ते आवडत होतं. हे तुला मी सांगितलं नाही.

या वर्षी तुझ्या पोरी राज्याच्या फायनलपर्यंत जातील असा संघ जमला होता. आणि या वर्षीच तुझं पोट दुखायला लागलं. संभाजीनगरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग. ऑपरेशन करून बघू म्हणाले.

ऑपरेशनच्या दुपारी तुला नेण्याआधी मी तुझ्याजवळ होते. तुझा भाऊ हरिभाऊ सह्या करायला खाली गेला होता. तू छताकडं बघत होतीस. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. तोंड किंचित उघडं. मी घाबरले आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, "मथे, कुठं बसली?"

तू छतावरची नजर माझ्याकडं वळवलीस. मग म्हणालीस, "सगळीकडं."

मी तुझा हात धरला. तो तसाच गारठलेला होता.

"पोरींना मी सांगते, श्वास लांब सोडा," तू म्हणालीस. "माझा सुटून न्हाई राह्यला, नंदे."

मी तुझ्याबरोबर श्वास सोडत राहिले. दोघींचा सूर जमेना. ते न्यायला आले तोवर तरी जमला नव्हता.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि परत शिवून टाकलं. फार पसरलं होतं. हे तुला हरिभाऊनं सांगितलं, मी दाराबाहेर उभी होते. आत आले तेव्हा तू रडत नव्हतीस. तू पहिलं विचारलंस, "पोरींना काय सांगितलं?"

"खड्याचं ऑपरेशन, असंच सांगितलंय अजून."

"तेच राहू दे."

मी म्हणाले, ईश्वरीला तरी सांगू दे. ती तुझ्या घरात राहते, तुझ्या हातचं खाते, रोज फोनवर विचारते मॅडम कधी येणार. तू मान हलवलीस. "फायनल होऊ दे. आत्ता कळलं की पोरी माझ्यासाठी खेळतील. मरणाऱ्या बाईसाठी जिंकायचं, एवढं ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवून राह्यली तू? माझ्यावर नुसतं गावाचं होतं, तरी आवाज गेला."

"अन् तोवर..." मी म्हणाले.

"तोवर थांबते की मी," तू म्हणालीस. आणि हसलीस. "संघाबरोबर बाई माणूस लागतं. तू जा. पवार सर एकटे हायेत, त्यांच्यानं पोरी आवरायच्या न्हाईत. इथं हरिभाऊ हाय."

मी गेले, मथे. तू पाठवलंस म्हणून गेले. निघताना तुझा निरोप घेतला नाही, कारण निरोप घेतला तर तू थांबणार नाहीस असं मला वाटलं.

पोरी एकेक सामना मारत गेल्या. उपांत्य फेरी जिंकल्या त्या संध्याकाळी सगळ्यांनी तुला फोन केला, आठवतं ना? तुझा आवाज बारीक आला. तू म्हणालीस, औषधानं झोप येते. ईश्वरी म्हणाली, "मॅडम, उद्या फायनल झाली की लगेच फोन करतो." तू म्हणालीस, "जिंका नाहीतर हरा, फोन करा." तुझा शेवटचा शब्द तोच ठरला.

सकाळी पोरी पोहे खात होत्या. हरिभाऊचा फोन आला. मी उठून बाहेर गेले. तो म्हणाला, "ताई, मथुरा गेली." मग म्हणाला, "आत्ता निघाले तरी तुम्ही पोचणार न्हाई. संध्याकाळच्या आत करावं लागंल. सामना होऊ द्या. तिचं तेच म्हणणं होतं."

मी पवार सरांना बाजूला घेऊन सांगितलं. तरुण माणूस, तुझ्या हाताखाली शिकलेला. तो भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडला. तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "ताई, पोरींना सांगू. मॅडमसाठी जीव तोडून खेळतील. जिंकतील."

"म्हणूनच न्हाई सांगायचं, सर."

"पण हे बराबर हाय का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "तिनं सांगितलंय." मला तेवढंच सुचलं. आत जाऊन मी पोरींच्या ताटल्या उचलल्या. ईश्वरीनं विचारलं, "मम्मी, डोळे का लाल झाले?" मी म्हणाले, जागा नवी आहे, झोप लागली नाही.

दुपारी सामन्याआधी ईश्वरी ओकली, चूळ भरली, आणि सगळ्या गोल बसल्या. तुझ्याशिवाय, आपापल्या. कुठं बसली? पोटात. घशात. माझ्या कानात. एक बारकी पोरगी म्हणाली, "माझ्या तर ढुंगणात बसली, उठूच देईना." अशा हसल्या सगळ्या, की पलीकडच्या संघातल्या पोरी बघायला लागल्या. मी तिथंच उभी होते. तुला या वेळी घरी शेवटची आंघोळ घातली जात असेल असा विचार माझ्या मनात आला आणि मी पदराचं टोक दातात धरलं.

काय खेळल्या, मथे! समोरचा संघ चांगलाच होता, दमानं पळायचा, फसायचा नाही. आपल्या पोरी मागं पडल्या, परत आल्या, परत मागं पडल्या. एकीचीही थाप मुकी गेली नाही. शेवटच्या पाळीत ईश्वरीनं त्यांच्या कप्तानाला खांबाजवळ अशी काही हुलकावणी दिली की प्रेक्षकांतून ओरडा उठला. पण वेळ कमी पडली. थोडक्यात हरलो. ज्यांनी जिंकावं त्या जिंकल्या.

मी त्यांच्याकडं चालत निघाले. मला वाटलं, खाली माना घालून बसल्या असतील. आम्ही तशाच बसलो होतो. तू तर उभीच राहिली होतीस. पण या पोरी घामानं निथळत धावत माझ्याकडंच आल्या. पहिली ईश्वरी.

"मम्मी, मॅडमला फोन लाव!"

"व्हिडिओ कॉल लावा काकू!"

"मी सांगते, मी सांगते, हरलो म्हणून मी सांगते!"

"खांबाजवळचं मी सांगणार हां, ते कुणी सांगायचं न्हाई आधी!"

हरलेल्या पोरी होत्या त्या. राज्याची फायनल हरलेल्या. आणि त्यांना सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं. कुणालाही वाटत नव्हतं की मॅडम बोलणार नाहीत. फोन माझ्या हातात होता. मी तो उलटा धरून छातीशी लावला आणि सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की ईश्वरी माझ्या हातातला फोन ओढत होती आणि म्हणत होती, "लाव ना. लाव ना तू."

आम्ही परतूरला पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

ईश्वरीनं माझ्याशी बोलणं सोडलं. तेरावं होईपर्यंत एक शब्द नाही. मग एके दिवशी भाजी निवडत असताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम रोज म्हणायच्या, भीती वाटली तर सांगा, लपवू नका. मंग त्यांनी का लपवलं? अन् तू का लपवलं?"

मी तिला तुझी बाजू सांगितली. अंकुशनगरपासून सगळं सांगितलं, त्या शिट्टीसकट, आबांच्या दुधासकट. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आम्ही रडलो असतो," ती म्हणाली. "रडून खेळलो असतो. न्हाईतर खेळलोच नसतो, निघालो असतो, पोचलो नसतो तरी निघालो असतो. ते आमचं आम्ही ठरवलं असतं ना, मम्मी? आम्हाला तेवढं येत होतं. मॅडमनीच शिकवलं होतं."

मी भाजी निवडत राहिले. तुझ्याजवळ याचं उत्तर असतं का, मथे?

आज ती परतूरला परत गेली. तुझ्या घराची किल्ली हरिभाऊनं तिला दिली आहे, वर्षभर राहा म्हणाला. मी तिला गाडीत बसवायला जालना स्टेशनवर गेले होते. खिडकीत बसून ती म्हणाली, "मी अजून चिडलेली आहे तुझ्यावर."

"बरं."

"मॅडमवर पण."

"तिच्यावर पण चिड."

गाडी हलली तशी तिला हुंदका आला. खिडकीतून हात बाहेर काढून ती मला, जा, जा म्हणत होती. मी फलाट संपेपर्यंत गाडीबरोबर चालले.

त्या पोरी त्या दुपारी हसत मैदानात उतरल्या, ते तुझ्यामुळं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि जन्मभर सांगत राहीन. पण पोरींना सांगायला हवं होतं. त्यांच्यात तेवढा दम होता, तूच भरलेला, आणि तुलाच तो दिसला नाही. तू चुकलीस, मथे. हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

तुझी,
नंदा